परड्यांमागचा रस्ता

खोली भाड्यानं घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांनी माझी कपड्यांची दोरी सोडून, गुंडाळून माझ्या दारात आणून ठेवली. वाळत घातलेला सदरा आणि टॉवेल घडी करून वर ठेवले होते. मी बाहेर आलो तर ते उंबऱ्यापाशी उभेच होते.

"भाऊसाहेब, रस्त्यात दोरी बांधू नका. कुणी सायकलवरनं आला तर गळ्यात अडकंल."

मी रस्ता शोधायला लागलो. घरामागं तीस फूट रुंदीची मोकळी जमीन होती, चोपून, झाडून स्वच्छ ठेवलेली. पण ती अण्णांच्या जागेपुरतीच. एका टोकाला शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची भिंत, दुसऱ्या टोकाला गोठ्याचा पत्रा. सायकल कुठून येणार आणि कुठं जाणार ते मला कळेना. मी नवा होतो, त्यांचा भाडेकरू होतो, म्हणून दोरी खोलीत बांधली.

मी तेव्हा ग्रामसेवक म्हणून भोर तालुक्यातल्या त्या गावात रुजू झालो होतो. आमच्या हुद्द्याच्या माणसाला गावं भाऊसाहेब म्हणतात, वय काही असो. भोरहून आंबवड्याच्या वाटेला लागलं की जी गावं लागतात त्यांतलंच ते एक. नाव सांगत नाही. अण्णा सत्तरीच्या पुढचे. मोजणी खात्यात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात ते आणि काकू दोघंच.

त्यांच्या खिशात कायम मोजणीची कापडी टेप असायची, कातडी डबीत गुंडाळलेली. 'जवळ' आणि 'लांब' हे दोन शब्द त्यांना चालत नसत. मी एकदा म्हणालो, पोस्ट जवळच आहे की. ते म्हणाले, "जवळ म्हंजे किती फूट?" लग्नाला गेले तर अक्षता टाकून झाल्यावर मांडव मोजायचे आणि मांडववाल्याला सांगायचे की सांगितल्यापेक्षा दोन हात कमी घातलाय. काकू सांगायच्या, त्यांच्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट एका बाजूला खाली आलाय म्हणून नवरदेवानंच भटजींना थांबवलं होतं. हे सांगताना काकू हसायच्या आणि अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "आलाच होता. चार बोटं."

मागची मोकळी जागा ओलांडून परसाकडं जायचं तर ते आधी उजवीकडं बघायचे, मग डावीकडं, आणि मग पाऊल टाकायचे. पहिल्यांदा मला वाटलं गंमत करतायत. ती गंमत नव्हती. पत्रावर पत्ता लिहायचे तोही 'नियोजित रस्ता, उत्तर बाजू' असा. पोस्टमन बिचारा पत्र आणून द्यायचा, कारण गावात असा पत्ता लिहिणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तो रस्ता कागदावर मात्र होता. गावठाण वाढवलं तेव्हाच्या नकाशात एसटी थांब्यापासून निघून, आमच्या आळीतल्या घरांच्या परड्यांमागून सरळ खाली ओढ्याकाठच्या बौद्धवस्तीपर्यंत जाणारी रेघ होती. ती रेघ अण्णांनी स्वतःच्या हातानं ओढलेली. ते तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते आणि गाव त्यांचंच होतं. साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, सहा फूट खाली घे, तुझ्या बापाचं परडं वाचेल.

"मग घेतली का नाही?" मी विचारलं.

"सहा फूट खाली घेतली की ती वस्तीच्या हिरीवर जात होती," अण्णा म्हणाले. "परडं काय, पुन्हा करता येतं. हीर कशी करणार?"

वडील दावणीची गाय सोडून थोरल्या मुलाकडं राहायला गेले ते परत आले नाहीत. भावांनी बोलणं टाकलं. त्यातल्या एकाचं घर चार दारं सोडून होतं, पण मी होतो तोवर त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पाहिलं नाही.

रस्ता झाला नाही. वर्षं गेली तसं आळीतल्या एकेकानं परड्यात काही ना काही बांधलं. कुणी न्हाणीघर, कुणी संडास, कुणी गोठा, एकानं पिठाची गिरणी. तेरा घरांनी बांधलं. चौदावं घर अण्णांचं. त्यांनी त्या पट्ट्यात तुळस लावू दिली नाही. आंब्याची कोय कुठूनशी पडून रुजली तेव्हा मातीसकट उकरून ती वस्तीत कमलताईंच्या दारात नेऊन लावली.

काकूंना हे सगळं कसं वाटत असेल, हे मला एकदाच कळलं. मी भाकरी मागायला गेलो होतो. त्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "ह्यांला रस्ता झाला, भाऊसाहेब. मला परडं झालं न्हाई. साधं कढीपत्त्याचं झाड न्हाई माझ्या घराला." आवाजात राग नव्हता. रागाचे दिवस कधीच संपले असावेत. अण्णा बाहेर बसून ऐकत होते. ते आत येऊन म्हणाले, "पुढल्या साली होईल." काकू म्हणाल्या, "व्हय, होईल," आणि भाकरी उलटली.

आळीत शिरायला एकच वाट, देवळाजवळचा बोळ. त्यातून टेम्पो जात नाही. आळीतली माणसं तिथूनच ये-जा करतात आणि वस्तीतलीही तिथूनच, आळी पार करून खाली. वस्तीत कुणी घर बांधायला काढलं की विटा, वाळू, सिमेंट देवळापाशी उतरवायचं आणि तिथून डोक्यावर वाहायचं. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी चढलं की खालचा अर्धा बोळ बंद. कमलताई अंगणवाडीत मदतनीस होत्या. दर ग्रामसभेत त्या उठायच्या आणि हेच सांगायच्या, न चिडता, न रडता. लोक ऐकायचे, आणि मग मी लिहायचो, 'विषय पुढील सभेत ठेवण्यात यावा.'

काकूंना झटका आला तो उन्हाळ्यातल्या एका सकाळी. अंगण झाडता झाडता त्या बसल्या आणि तोंड वाकडं झालं. मी फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. ती देवळापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरून बोळ बघून परत फिरला आणि म्हणाला, पेशंट इथपर्यंत आणा. कमलताईंचे दोन दीर वीटभट्टीवर निघाले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकूंना बसवलं, एका बाजूनं मी धरलं, आणि आम्ही त्यांना बोळातून बाहेर नेलं. अण्णा मागून चालत होते. त्यांच्या हातात काकूंच्या चपला होत्या. त्या कशाला घेतल्या ते त्यांनाही माहीत नसावं. काकू तिसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात वारल्या.

दहावं झाल्यावर आळीतलीच दोन माणसं बसायला आली होती. त्यातला एक म्हणाला, "रस्ता असता तर काकू वाचल्या असत्या." अण्णा म्हणाले, "न्हाई. मी डॉक्टरांला इचारलं. पंधरा-वीस मिंटानं फरक पडला नसता म्हनले." रस्ता असता तर म्हणणाऱ्याचंच न्हाणीघर त्या रेघेत साडेनऊ फूट आत आलेलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात वरून कागद आला. नकाशातला रस्ता करायचा असेल तर काम मंजूर होईल, मात्र अतिक्रमण काढून जागा मोकळी करून द्यावी लागेल. करायचा नसेल तर ग्रामसभेनं तसा ठराव द्यावा, म्हणजे रस्ता नकाशातून वगळता येईल. दोन्हींपैकी एक. मी कागद घेऊन घरी आलो आणि अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा वाचला, आणि मग टेप काढून म्हणाले, "चला."

आम्ही दोघांनी तो रस्ता मोजला. लोकांच्या न्हाणीघरांच्या भिंतींवरून टेप टाकत, गोठ्यात म्हशींच्या पायांतून ती ओढत. एका घरात आत बाई अंघोळ करत होत्या म्हणून अर्धा तास बाहेर उभे राहिलो. अण्णा प्रत्येक दारात सांगत होते, तुमची भिंत इतके फूट आत आलीय, तुमचा गोठा इतके. जसं काही लोकांना हे ऐकून बरं वाटणार होतं. गिरणीवाला त्यांना म्हणाला, "अण्णा, आता तुमीबी बांधून टाका. तुमचं तेवढं मोकळं हाय म्हणून हा विषय निघतो. सगळ्यांनी बांधलं की रस्ता आपसूक मेला."

"मंग वस्तीतल्यांनी कुठनं जायाचं?" अण्णांनी विचारलं.

"जातात तिथनंच जातील की. इतकी वर्सं जातातच ना?"

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. एरवी पन्नास माणसं जमत नाहीत, त्या दिवशी मैदानात सतरंज्या टाकाव्या लागल्या. वस्तीतली माणसं नेहमीसारखी मागं, भिंतीला टेकून बसली. कमलताई उठून बोलल्या. मग आळीतले एकेक बोलले. म्हशी कुठं बांधायच्या, बायामाणसांची न्हाणीघरं उघड्यावर येतील, आताच बांधलेला संडास पाडायचा का. सगळे शांतपणे बोलत होते आणि प्रत्येकाचं बोलणं ऐकायला खरं वाटत होतं. सरपंचांच्या विरोधातला एक जण अण्णांच्या कानाशी लागला होता. मला जवळ बसून ऐकू येत होतं. "काकूंचं सांगा. लोक विरघळतील." अण्णांनी मान हलवली. "जे झालं न्हाई ते कसं सांगू?"

मग ते उभे राहिले. मला वाटलं मोजमाप वाचून दाखवणार. हातात कागद होताही. पण त्यांनी कागद खिशात घातला.

"न्हाणीघराचा प्रश्न न्हाई," ते म्हणाले. "न्हाणीघर दहा फूट मागं घेता येतं, मी मोजलंय, सगळ्यांला जागा हाय. आपल्याला टेम्पो हवाय, ॲम्ब्युलन्स हवी. तरी आपण रस्ता नको म्हनतोय. का, तर वस्तीतली माणसं आपल्या परड्यांमागनं, आपल्या चुलीच्या जवळनं रोज जाणार, ती आपल्याला नकोत. खरा प्रश्न एवढाच हाय. भाऊसाहेब, हे सभेच्या कागदात लिवा. रस्ता नको असंल तर नको, पर कारण खरं लिवा."

कुणी ओरडलं नाही. कुणी उठलंही नाही. मागं एका पोराला त्याची आई पाणी पाजत होती. मी वस्तीतल्या लोकांकडं बघितलं. ते खाली बघत होते, जसं काही चूक त्यांचीच होती. सरपंच घसा खाकरून म्हणाले, "अण्णांचं वय झालंय. काकू गेल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर न्हाई. आपण हात वर करू."

हात वर झाले. मोजायचीही गरज नव्हती, तरी मी मोजले, कारण अण्णा माझ्याकडं बघत होते. रस्ता वगळावा असं ठरलं. आळीतून रस्त्याच्या बाजूनं एकच हात वर होता.

सभा उठल्यावर ते माझ्यापाशी आले. "माझं वाक्य लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो.

मी लिहिलं नव्हतं. कच्च्या वहीत तीन-चार शब्द टिपले होते. दुपारी सरपंच ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसले. धाक वगैरे काही दाखवला नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, गावात तेढ कशाला? 'अण्णांनी आपले मत मांडले' एवढं पुरे." मला ते पटलं असं मी स्वतःला सांगितलं. उद्या कुणी हा कागद घेऊन कुठं गेलं तर गावाचं नाव जाईल, पोलीस येतील, वस्तीतल्यांनाच त्रास होईल, असं बरंच काही मी मनाशी जुळवलं. खरं म्हणजे मला बदलीची वाट मोकळी हवी होती. मी लिहिलं, 'सदर रस्त्याची आवश्यकता राहिलेली नाही.' आणि खाली, 'आपले मत मांडले.'

ठरावाची प्रत फलकावर लावली तेव्हा अण्णा चष्मा लावून समोर उभे राहिले आणि वाचून आत आले. मला वाटलं, आपलं वाक्य कुठंय विचारतील. पण फलकावर फक्त ठराव होता, चर्चा नव्हती. ते म्हणाले, "लांबी चारशे दहा लिवलीय. चारशे बारा हाय. दुरुस्त करा." मी दुरुस्त केली. सही केली. जो रस्ता आता कधीच होणार नव्हता त्याची लांबी बरोबर झाली, आणि ते समाधानानं घरी गेले. त्यानंतर मात्र त्यांनी मागची जागा झाडायचं सोडून दिलं. पावसाळ्यात तिथं गवत वाढलं. ओलांडताना ते आता कुठंच बघत नसत, मान खाली घालून सरळ जात. टेप मी परत कधी त्यांच्या हातात पाहिली नाही.

वर्षभरानं माझी बदली वेल्ह्याकडं, विंझरच्या बाजूला झाली. निघताना त्यांनी मला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवलं. "येत जा," म्हणाले. मी गेलो नाही.

ते आले. दुपारची वेळ होती. नसरापूरला गाडी बदलून, विंझरला उतरून, विचारत विचारत ऑफिसात. मी ओळखलं नाही इतके वाळले होते. माझ्या शेजारी त्या दिवशी आमचे तालुक्याचे साहेब बसले होते, दप्तर तपासायला आलेले. अण्णांनी पिशवीतून कागद काढला. सभेच्या चर्चेची नक्कल, रीतसर अर्ज करून मिळवलेली.

"भाऊसाहेब, हितं 'मत मांडले' एवढंच हाय. मी काय बोललो ते न्हाई. घाईत ऱ्हायलं असंल तुमच्याकडनं."

मी साहेबांकडं बघितलं. ते फाईल वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

"वस्तीतली माणसं वरती अर्ज करणारेत," अण्णा म्हणाले. "कमल करतीय सगळं. वकील म्हनला, रस्ता का नाकारला त्याचं खरं कारण सभेत कुणी बोललं होतं असं दाखवता आलं तर इचार होईल. तुमी एका कागदावर लिवून द्या, की मी असं असं बोललो होतो. बाकी काय नको."

"अण्णा, चर्चा कायम झालीय. आता त्यात बदल करता येत नाही."

"बदल नको. साधा कागद द्या."

साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. "काय बोलले होते हे?" त्यांनी मला विचारलं, अगदी सहज.

मी म्हणालो, "नेमकं आठवत नाही, साहेब. न्हाणीघरांबद्दल काहीतरी असावं."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग शोधायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला, आठवून आठवून. राग नव्हता. आपलं काही चुकतंय का, हे बघताना माणूस बघतो तसं ते बघत होते.

"वस्तीतल्या माणसांबद्दल मी बोललो न्हाई?"

"मला तसं आठवत नाही, अण्णा."

"नक्की?"

"हो."

त्यांनी नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. साहेबांना नमस्कार केला. चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, गाडी चुकंल. मी दारापर्यंतही गेलो नाही. खिडकीतून ते थांब्याकडं जाताना दिसले.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी कमलताईंचा फोन आला. अण्णा गेल्याचं सांगायला. झोपेतच गेले म्हणाल्या, फार हाल झाले नाहीत. मुलगा आला होता, त्यानं मागच्या पट्ट्यात खोल्या काढायचं ठरवलंय, पाया खणायला माणसंही सांगितलीत. मी विचारलं, तुमच्या अर्जाचं काय झालं.

"कुठला अर्ज," त्या म्हणाल्या. "अण्णांची सही लागत होती. सभेत मी असं असं बोललो होतो, म्हणून. त्यांनी केली न्हाई."

"का?"

"म्हनले, माझी खात्री न्हाई. मला वाटतं मी बोललो, पण बोललो नसंन. म्हातारपणात माणूस मनातलं बोललो असं समजतो. भाऊसाहेब, मी म्हनलं त्यांला, अण्णा, मी भिंतीला टेकून बसले होते, माझ्या कानानं ऐकलंय, आमी समद्यांनी ऐकलंय. तर म्हनले, तू माझ्या बाजूची हायस कमल, तुला तसं वाटणारच. भाऊसाहेबांला जाऊन इचारून आलो. ते कुणाच्याच बाजूचे न्हाईत."